जाहिरात नको, माहिती चालेल

कुकर दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळी वसाहत शिट्टीमावशी म्हणायची. तिच्या हातापेक्षा तोंड जास्त चालायचं, पण हातही काही कमी नव्हता. रस्ता रुंद करताना तिचं कोपऱ्यावरचं दुकान गेलं आणि ती मागच्या गल्लीत, लाँड्रीशेजारी आली. गिऱ्हाईकं जुन्या कोपऱ्यापर्यंत यायची आणि रिकामी जागा बघून माघारी फिरायची. असंच चाललं तर गाशा गुंडाळून मुलाच्या जिवावर बसून खावं लागणार, या विचारानेच मावशी हैराण व्हायची.

ती वसाहतीच्या सेक्रेटरींकडे गेली. फाटकाजवळच्या सूचनाफलकाची किल्ली त्यांच्याकडे. माणूस सरळ, पण नियम म्हटला की नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

"मावशी, फलकावर जाहिरात चालत नाही. माहिती चालते."

"अहो काका, दुकान हललं ही माहितीच की."

"त्यात फायदा कुणाचा? तुमचा. म्हणजे जाहिरात."

घरी येऊन मावशीने कागद लिहिला: "कुकरची शिट्टी होत नसेल तर आधी शिट्टीखालची नळी साफ करा. रबर पालथं घालून बघा. बरेचदा एवढ्यानेच भागतं. रबराला चिरा असतील तर मात्र नवंच घ्या." खाली ना नाव, ना पत्ता. हा कागद सेक्रेटरींनी मुकाट्याने लावला.

"आई, निम्मं काम लोकांना शिकवून टाकलंत," सून म्हणाली. "स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

"दुकानात तरी काय वेगळं करत होते?" मावशी म्हणाली. खरंच होतं ते. रबर पालथं घालून तिने कितीतरी गिऱ्हाइकांना फुकट परत पाठवलं होतं.

लोकांनी नळ्या साफ केल्या. ज्यांचं भागलं ते खूश झाले. ज्यांचं भागलं नाही ते सेक्रेटरींच्या दारात जाऊन विचारू लागले, हे लिहिलंय कोणी, ती बाई भेटेल कुठे? जेवायला बसलं की बेल, जरा आडवं झालं की बेल. सांगून सांगून बिचारे बेजार झाले.

एका सकाळी मावशी फलकापाशी आली, तर कागदाखाली सेक्रेटरींच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती: "लिहिणाऱ्या बाई मागच्या गल्लीत, लाँड्रीशेजारी." मावशीला भरून आलं, पण जीभ कुठली गप्प बसायला.

"काका, ही तर जाहिरात झाली."

"यात माझा काय फायदा?" फलकाला कुलूप लावत ते म्हणाले. "ही माहिती."

मग त्यांनी हातातली जड पिशवी पुढे केली.

"आणि हा आमचा कुकर. रबर पालथं घालून झालंय."