काचेतल्या तिसऱ्या

रत्नागिरीच्या बाजारातून तिसऱ्यांचा, म्हणजे खायच्या शिंपल्यांचा, वाटा विकत घ्यायचा, घासाघीस करून वर मूठभर जास्तीच्या घालून घ्यायच्या आणि घरी आणून त्या खायच्या नाहीत, असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल. तो माझ्या वाट्याला आला. पहिल्या दिवशी मी आपली भाबडेपणाने ओलं खोबरं वाटून, कोकमं भिजत घालून वाट बघत बसले. हे आले, पिशवी घेऊन स्वयंपाकघरावरून सरळ पुढे गेले आणि हॉलमधल्या काचेच्या टाकीत एकेक तिसरी अलगद सोडायला लागले. त्या दिवशी आम्ही कोकमाचं सार आणि भात जेवलो.

याची सुरुवात हसण्यासारखी नव्हती. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून हे निवृत्त झाले आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले ते उठेचनात. समोर शेजाऱ्यांची भिंत. तिच्याकडे बघत सकाळची दुपार करायची. चहा हवा का विचारलं तर ना हो, ना नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप तेवढी वाढली. मी भ्याले होते. ज्या माणसाची बडबड थांबू दे म्हणून मी देवाला विनवलं होतं, तो गप्प झाल्यावर घर खायला उठलं.

मग ह्यांना मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ दिसला. परदेशातले लोक घरात खाऱ्या पाण्याची टाकी करून त्यात निळ्या-जांभळ्या मोठमोठ्या शिंपल्या पाळतात. तसल्या शिंपल्या आपल्याकडे घरात ठेवायला कायद्याने बंदी, म्हणून ह्यांनी तिसऱ्यांवर भागवलं. आता तिसरी काय करते? वाळूत शिरते आणि बसते. वर दिसतात त्या दोन बारक्या नळ्या, त्याही तिची मर्जी असेल तर. म्हणजे एवढा खर्च, पंप, दिवे, मापं, आणि पाहुण्यांना दाखवायला काय, तर वाळू. सोबतीला दोन नारिंगी मासे होते म्हणून निदान काहीतरी हलायचं. पण हे खुर्ची टाकीपाशी ओढून बसायचे आणि मध्येच ओरडायचे, "अगं ये लवकर, नळी बाहेर काढली!" मी पोळी तव्यावर टाकून धावायची. तोवर नळी आत.

आमच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. तरी पाणी आणायला हे स्कूटरला कॅन बांधून लांब आरे-वारेच्या किनाऱ्यावर जायचे, कारण जवळच्या किनाऱ्याला खाडीचं पाणी मिसळतं आणि ते ह्यांच्या तिसऱ्यांच्या तोलामोलाचं नाही. तिथे पर्यटक फोटो काढतायत, आणि हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेत वाकून कॅन भरतायत. एकदा मी बरोबर होते, तेव्हा एका बाईने मला विचारलं होतं, काही शांत वगैरे करायची आहे का घरात. मी हो म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

तिसऱ्यांच्या खाण्याचा थाट वेगळाच. पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळं त्या गाळून खातात, म्हणून गॅलरीत उन्हात बाटल्या लावून ते पिकवायचं. शेजारच्या वैनींना तो गव्हांकुरांचा रस वाटला. वजन उतरतं का म्हणून त्या अर्धी बाटली मागायला आल्या होत्या.

आणि नियम! हाताला साबण लागला असेल तर टाकीला शिवायचं नाही. उदबत्ती हॉलमध्ये लावायची नाही. मी एकदा क्रीम लावलेला हात काचेवर टेकवला, तर आठवडाभर मला गुन्हेगारासारखं वागवलं. सगळ्यात मोठा शत्रू तांबं. माणसाला तांबं मानवतं, शिंपलीवर्गाला ते कणभरही विष आहे, हे व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हणून दाखवीन. टाकीजवळचा पितळी नळ काढून प्लास्टिकचा बसवला, कारण पितळेत तांबं. सोन्यातही थोडं तांबं असतं, म्हणून मला बांगड्या काढून मग हात घालायची आज्ञा. मी म्हटलं, मंगळसूत्रही ठेवू का काढून? तर त्यावर विचार करायला लागले.

पण हे बोलत होते. भांडत होते. रात्री जेवताना क्षार आणि कॅल्शियम सांगत होते. त्या वाळूतल्या दहा-वीस तिसऱ्यांनी मला माझा नवरा परत दिला होता, आणि त्या मेल्या तर हा माणूस पुन्हा गॅलरीत जाऊन बसेल, ही भीती मला कायम असायची. म्हणून मी ह्यांची टर उडवायची आणि दिवे वेळेवर लागलेत ना, तेही बघायची.

सासऱ्यांना हे काहीच मान्य नव्हतं. वय झालेलं, पण दात शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. येता-जाता टाकीपाशी थांबायचे. "खायच्या जिनसा काचेत ठेवून काय मांडलंन हे ह्यानं? अगो, त्यांना निदान विचार तरी, त्यांना हे आवडतंय काय!" बाप-लेकाचं तसं पूर्वीपासून जेवढ्यास तेवढं. लेकाने केलेलं काही बापाला पटायचं नाही आणि बापाने सांगितलेलं लेक कधी ऐकायचा नाही. दोघेही एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना पुण्याला जायची वेळ आली. सासऱ्यांनी येणार नाही म्हणून सांगितलं, त्यांना पुण्याचं पाणी बाधतं. मग टाकी कोण बघणार? ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी प्रथमच बापासमोर उभं राहून समजावलं, की टाकीतलं पाणी उन्हाळ्यात उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचं. शुद्धीकरणाच्या मशीनचं, ह्या पांढऱ्या कॅनमधलं.

"मला पाणी घालायला शिकवतोयस?" सासरे म्हणाले. "अरे, कलमं जगवली मी या हातांनी."

पुण्याहून रोज सासऱ्यांना फोन. मुलीला कळा येत होत्या तेव्हाही हे बाहेर जाऊन तिसऱ्यांची चौकशी करत होते. नात झाली. ती बातमी कळवून झाल्यावर ह्यांनी विचारलं, "आणि त्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. तोंडं उघडून बसल्यात. हसल्यासारख्या दिसतात."

हे खूश झाले. नळ्या काढायला शिंपली थोडी उघडतेच, मला म्हणाले. मला त्या हसण्याचं काही बरं वाटलं नाही, पण नातीच्या आनंदात मी ते सोडून दिलं.

घरी आलो आणि दार उघडताच वास आला. तिसऱ्या वाळूवर उघड्या पडल्या होत्या, मिटायचं विसरल्यासारख्या. मासे तेवढे फिरत होते. ह्यांनी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, तसेच उभे राहिले. मग जाऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे टाकीपाशी होतो. हे एकेक शिंपली काढत होते. तेवढ्यात सासरे आंघोळ करून आले, हातात त्यांची तांब्याची कळशी. ही कळशी रोज संध्याकाळी आमसुलाने लखलखीत घासायची, रात्रभर पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी तेच प्यायचं, हा त्यांचा सगळ्या आयुष्याचा नेम. दात त्यामुळे, पचन त्यामुळे, बायकोच्या मागे एवढी वर्षं काढली तीही त्यामुळे. ते पुढे झाले आणि कळशीतलं पाणी सांभाळून, धार न पाडता टाकीत सोडायला लागले.

"हे पाणी घालत होतात, बाबा?" ह्यांनी विचारलं.

"मग! तुझ्या मशीनच्या पाण्यात काय जीव असतो? मुक्या जिनसा त्या. म्हटलं, आपण पितो तेच चांगलं पाणी त्यांनाही मिळू दे. मी आपलं अर्धं ठेवत होतो त्यांच्यासाठी." मग त्यांनी काढून ठेवलेली एक उघडी शिंपली उचलून बघितली. "तरी कशा रे गेल्या? माझ्या हातून काही चुकलं काय?"

मला वाटलं, हे आता फुटणार. क्रीमच्या हातासाठी आठवडाभर रागावणारा माणूस, तांब्यावर तासभर बोलणारा माणूस, समोर अख्खी तांब्याची कळशी, आणि वर तो बाप, ज्याने याला उभ्या जन्मात कधी बरोबर म्हटलं नाही.

हे म्हणाले, "तुमच्या पाण्याने नाही, बाबा. मध्ये लाईट गेली असणार, पंप बंद पडला. पाणी तर तुम्ही चांगलंच घालत होतात."

"तरी मला वाटलंच," सासरे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "लाईटच गेली असणार."

दुपारी ह्यांनी टाकी रिकामी केली. तांबं वाळूत मुरतं म्हणून सगळी वाळू मागच्या अंगणात टाकली. कॅन स्कूटरला बांधले आणि बापाला विचारलं, आरे-वारेला येताय का, वारा खाल जरा. ते मागे बसले, रिकामा कॅन मांडीवर धरून. तांब्याचं पाणी तुमच्यापुरतं राहू दे, त्यांना साधंच मानवतं, हे रस्त्यात कधीतरी सांगितलं असावं, कारण सासऱ्यांनी पुन्हा कळशी टाकीकडे नेली नाही. पुढच्या आठवड्यात बाजारातून नवा वाटा आला. तो निवडायला सासरे गेले होते.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या कळशीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले, आणि ते आनंदाने नव्हे. माझी आई शेवटच्या आजारात आमच्याकडेच होती. ती गेली तेव्हा मीही ह्यांना विचारलं होतं, माझ्या हातून काही चुकलं का हो. ह्यांनी नीट विचार करून, पथ्यपाण्यात माझं काय काय चुकलं ते एकेक करून मला समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी काही लाईट गेली नव्हती.