परड्यातला लाकडी हौद

हंबीररावांची उभी नोकरी एसटीच्या तपासणी पथकात गेली. फाट्यावर जीप लावायची, गाडी थांबवायची, आत चढून एकेकाच्या हातातलं तिकीट बघायचं. बिनतिकिटाचा माणूस विचारायच्या आधीच कळतो, असं ते सांगत. तो खिडकीबाहेर जरा जास्तच बघतो. एकदा विट्याच्या गाडीत त्यांचा सख्खा मेहुणा सापडला. हंबीररावांनी त्यालाही दंड लावला, पावती हातात दिली आणि मगच विचारलं, "घरची बरी हायत नव्हं?" मेहुणा त्यानंतर दोन दिवाळ्या बहिणीकडं आला नाही.

नोकरी सुटली, नजर सुटली नाही. तासगावजवळच्या आपल्या गावात ते परत आले आणि तपासायला गाड्या उरल्या नाहीत म्हणून माणसं तपासू लागले. दूधवाल्याचं माप, वायरमनची शिडी, बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा काटा, सगळ्यावर त्यांचा डोळा. त्यांची बायको राहीबाई म्हणायची, "आवं, देवळात घंटा वाजली तरी कुणी वाजवली म्हणून वळून बघता तुमी." यावर हंबीरराव चिडत नसत. बघायला काय पैसे पडतात, असं त्यांचं म्हणणं.

असल्या माणसाच्या दारात एक दिवस फळ्यांनी भरलेला टेम्पो येऊन थांबला.

फळ्या त्यांच्या सुनेनं मागवल्या होत्या. पल्लवी मूळची सांगलीची, लहानपणापासून कृष्णेत पोहलेली. लग्न होऊन आली आणि गावापासून जवळच्याच शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. नवरा विश्वजीत फौजेत, वर्षातून दोनदा रजेवर येणारा. ती कामाला चोख होती, बोलायला कमी. हंबीररावांना तिच्यात आजवर काही सापडलं नव्हतं, आणि हीच गोष्ट त्यांना खटकायची.

"ह्या फळ्या कशापायी?" त्यांनी विचारलं.

"हौद बांधायचाय, मामा. मागच्या परड्यात. पोहायचा."

"कुणी पोहायचं?"

"ज्याला यायचं त्यानं."

"आणि लाकडाचा? लाकडाचा हौद कुणी बघितलाय व्हय?"

"आपली जमीन काळी आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते. सिमेंटचा हौद तडकेल. हा जमिनीवरच बसतो. नको झाला तर फळी-फळी सोडून ठेवता येतो."

हंबीररावांनी त्यातला एकच शब्द उचलला. सोडून. सोडून ठेवता येतो म्हणजे सोडून नेताही येतो. मग नेणार कुठं? सांगलीला? खोटं बोलणाऱ्याला कारण विचारलं की तो तीन कारणं देतो, हा त्यांचा अनुभव. ही एकच देत होती, आणि तेही अर्धंच. हे त्यांना जास्त धोक्याचं वाटलं.

त्यांनी विश्वजीतला फोन लावला. तो म्हणाला, "बांधू दे की, आण्णा. मला सांगितलंय तिनं." काय सांगितलंय, हे मात्र तो बोलला नाही. फोन ठेवताना हंबीररावांना वाटलं, हा पण खिडकीबाहेर बघतोय.

काम सुरू झालं. कुपवाडच्या कारखान्यात यंत्रं भरायची लाकडी खोकी बनवणारा राजरत्न नावाचा कारागीर रविवारी येऊ लागला. खोक्यांच्या चांगल्या फळ्या त्यानंच निवडून दिल्या होत्या. तो पहिल्यांदा आला त्या दिवशी हंबीररावांनी लिंबाखाली खुर्ची टाकली आणि पेपर उघडला. पेपर संध्याकाळपर्यंत त्याच पानावर होता. मुलगा परमुलखात आणि घरात तरणा परका माणूस, म्हटल्यावर सासऱ्यानं बसायलाच पाहिजे. पुढच्या रविवारी राजरत्न आपली बायको नीलिमा हिला घेऊन आला. ती फळीचं दुसरं टोक धरायची, मोजपट्टी ओढायची. तरी हंबीररावांनी खुर्ची हलवली नाही. आता बायको आणलीय म्हणजे कुणीतरी याला आपल्या पहाऱ्याचं सांगितलंय, हा एक नवा संशय त्यांना मिळाला.

पण बघता बघता त्यांना काम समजू लागलं. आधी पल्लवीनं मुरूम टाकून जमीन दाबून घेतली, नळीत पाणी भरून चारी बाजूंनी पातळी बघितली आणि वर वाळू पसरली. मग फळ्या पिंपासारख्या गोलात एकमेकींना खेटून उभ्या केल्या आणि द्राक्षाच्या मांडवाची पिळाची तार त्यांच्याभोवती फिरवून आवळली. खाली तारा दाट, वर विरळ. पाण्याचा रेटा तळाला जास्त असतो, असं ती राजरत्नशी बोलताना त्यांनी ऐकलं. आतून जुनी घोंगडी लावली आणि घोंगड्यांवर शेततळ्यात अंथरतात तो काळा प्लास्टिकचा कागद. बागेत पडून असलेला ठिबकचा वाळूचा फिल्टर तिनं पाणी गाळायला घेतला. शाळेतून आली की साडीचा पदर खोचून ती ड्रिल मशीन हातात घ्यायची. गावातल्या बायका कुंपणाशी थांबून बघायच्या आणि पुढं गेल्यावर बोलायच्या.

त्याच दिवसांत हंबीररावांना आणखी एक जण बघताना दिसला. शेजारचा लालासाहेब.

लालासाहेब त्यांच्याच वयाचा, बांधाला बांध लागून असलेला. पूर्वी दोघांचं बोलणं चालणं होतं. मग बांधावरच्या एका बाभळीवरून अबोला झाला, आणि त्यानंतर लालासाहेबाच्या घरावर जे कोसळलं त्यानं तो सगळ्या गावाशीच बोलेनासा झाला. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याची थोरली नात राणी त्याच्याच शेततळ्यात घसरली. त्या काळ्या कागदावर पाय ठरत नाही; पडलेल्याला वर चढता येत नाही. नऊ वर्षांची पोर होती. लालासाहेबानं नंतर तळं मातीनं बुजवून टाकलं आणि त्यावर शाळू ज्वारी पेरली. गाव हळहळलं. हंबीररावही गेले होते. पण परत येताना ते राहीबाईला म्हणाले होते, "पोर एकटी तिकडं गेलीच कशी, हे कुणी इचारलं न्हाई."

आता हाच लालासाहेब रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहायचा. हौदाकडं बघायचा. हंबीररावांनी मान वर केली की तोंड फिरवून चालू लागायचा.

"ह्येच्या मनात काय तरी हाय," हंबीरराव घरात म्हणाले.

"आसंल की," राहीबाई म्हणाली. "मन हाय म्हटल्यावर काय तरी असतंयच."

पाणी सोडायच्या आदल्या आठवड्यात तासगावच्या बाजारात कुणीतरी त्यांना म्हणालं, की खोक्यांचं लाकूड आतून किडलेलं असतं, वरून रंधा मारला की कळत नाही. हंबीररावांना हे पटायला वेळ लागला नाही. त्या दुपारी पल्लवी शाळेत होती, राहीबाई आडवी झाली होती. त्यांनी बेदाण्याची पोती शिवायचं दाभण घेतलं, हौदाच्या मागच्या अंगाला उकिडवं बसले आणि खालच्या बाजूनं एकेक फळी टोचून बघितली. लाकूड टणक निघालं. दोन फळ्यांच्या सांध्यात तीनचार ठिकाणी दाभण मुठीपर्यंत आत गेलं, तेव्हा त्यांना वाटलं, सापडलं. पण ती नुसती फट होती. थोडे हिरमुसूनच ते उठले.

मग विहिरीचं पाणी सोडलं. हौद भरायला दोन दिवस गेले. छातीइतकं पाणी उभं राहिलं, तारा कुरकुरल्या, फळ्या ताणल्या आणि सगळं जागच्या जागी राहिलं. राहीबाईनं नारळ फोडला. हंबीररावांनी आत हात घालून बघितला आणि काठाच्या आत खडूनं एक रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. तिसऱ्या दिवशी आणखी खाली.

"उन्हानं आटतंय," राहीबाई म्हणाली.

"उन्हानं एवढं आटत न्हाई." त्यांनी परड्याला फेरी मारली आणि बांधाशी थबकले. सगळीकडं गवत करपलेलं. लालासाहेबाच्या बाजूला मात्र हातभर पट्टा ओलागच्च. कुठल्या तरी मार्गानं पाणी तिकडं जात होतं. तो रोज उभा का राहतो, हे त्यांना आता उमगलं. नोकरीत कुणीतरी सापडल्यावर व्हायची तशी एक शांतता त्यांच्या अंगात आली. पल्लवी सुट्टीचा दिवस धरून हौद तपासणार होती. त्यांनी तिची वाट बघितली नाही.

लालासाहेब गोठ्यात वैरण टाकत होता.

"लालासाब, माज्या हौदाचं पाणी तुज्या रानात येतंय," हंबीरराव म्हणाले. "रोज बांधावर येऊन काय बघतोस, ते कळलं मला."

लालासाहेबानं हातातली पेंडी खाली ठेवली.

"ज्या पाण्यानं माजी राणी न्हेली, ते पाणी मी चोरीन व्हय रं?"

हंबीररावांनी बांधाकडं दाखवायला उचललेला हात खाली घेतला.

"मी बघाय येतो ते खरं हाय," लालासाहेब म्हणाला. "त्योच काळा कागद हाय त्यो. बघवत न्हाई, आन् तरी पाय तिकडंच वळत्यात. तुज्या सुनंला एक इचारायचं हाय. रोज इचारीन म्हणतो आन् माघारी फिरतो. धाकटी सृष्टी हाय घरात. आंघोळीच्या बादलीला पण भिती ती. पल्लवी तिला शिकवील का, तेवढं इचार. माज्यानं न्हाई व्हईत."

हंबीरराव परत आले ते सरळ हौदाच्या मागच्या अंगाला. ज्या जागी आपण उकिडवं बसलो होतो ती जागा त्यांना बरोबर सापडली. वाळूत बोट खुपसलं. वाळू गार आणि ओली होती, आणि ओल थेट बांधाकडं उताराला लागली होती.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी पल्लवीनं पाणी बागेला सोडून हौद खाली केला आणि कागदाची भोकं शोधली. गोल ठिगळं कापून गरम मशीननं चिकटवली. हंबीरराव लिंबाखाली खुर्चीवर होते. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"उंदरानं कुरतडलं असेल," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

एवढंच. ना चिडली, ना नवल केलं. त्यांना जेवण गोड लागेना. हिला माहीत आहे की नाही? माहीत असेल तर बोलत का नाही? कधी बोलायचं ठरवून ठेवलंय? आयुष्यभर त्यांनी लोकांना असं तंगवलं होतं, तिकीट बघूनही हातात धरून ठेवून. ते कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

संध्याकाळी ती फिल्टर धूत होती, तिथं ते जाऊन उभे राहिले.

"उंदीर नव्हं ते. मी दाभण घातलं. लाकूड किडकं हाय का बघाय."

"माहीत होतं, मामा," पल्लवी मान वर न करता म्हणाली. "उंदीर एका ओळीत भोकं पाडत नाही."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलताय का, बघत होते."

हंबीरराव तिथंच दगडावर टेकले. थोड्या वेळानं त्यांनी लालासाहेबाचा निरोप सांगितला. तिचा हात थांबला.

"राणी माझ्या शाळेतच होती," ती म्हणाली. "बाई, मला पोहायला शिकवा, म्हणून सारखी मागं लागायची. मी म्हणायचे, इथं कुठं शिकवू, नदी का आहे? सहा महिन्यांनी ती गेली. शेततळी तर रानोरान आहेत, मामा. ती काय बंद होणार नाहीत. पोरींना निदान तरंगता यावं आणि त्या कागदावरून दोर धरून वर चढता यावं, एवढंच शिकवायचंय मला."

"ह्ये आधी सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं, तर लालासाहेबकाकांच्या कानावर गेलं असतं. त्यांना बरं वाटेल की वाईट, मला कळत नव्हतं."

हौद पुन्हा भरला. पुढच्या रविवारी सृष्टी आली, आजीचा जुना परकर आवळून बांधलेली, दात एकमेकांवर आपटत. तिच्या आधी आलेल्या शाळेतल्या चार पोरी काठाला धरून पाय मारत होत्या. राहीबाई टॉवेल घेऊन शिडीपाशी बसली. पल्लवी पाण्यात उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

लालासाहेब बांधापर्यंत आला आणि पाठ फिरवून बसला. हंबीरराव जाऊन त्याच्या शेजारी बसले, तोंड हौदाकडं करून.

"काय करती?" लालासाहेबानं विचारलं.

"शिडीवर हाय अजून. एक पाय घातलाय."

"रडती?"

"न्हाई. ओठ आवळल्यात."

कुणी तरी पाणी उडवलं, पोरी हसल्या. लालासाहेबाची मान आखडली.

"आता?"

"आता पल्लवीनं पाठीखाली हात दिलाय. निजवलंय उताणं. आभाळाकडं बघती पोर."

"हात हाय नव्हं खाली?"

हंबीररावांनी नीट बघितलं. "एक हाय. दुसरा काढलाय."

लालासाहेब हळूच म्हणाला, "खरं सांगतोस नव्हं?"

"इस्वास न्हाई तर वळून बघ की."

लालासाहेब वळला नाही. त्यानं गुडघ्यांना मिठी मारली आणि समोरच्या शाळवाकडं बघत म्हणाला, "तू सांगतोस तेवढं बास हाय. फुडं सांग."