आभाळातली विहीर

धुळ्यातल्या देवपूरच्या अभिमन मिस्त्रीचा राग आरडाओरड्याचा नव्हता. तो राग गिळायचा आणि जपून ठेवायचा. लोकांचा राग संध्याकाळच्या जेवणापर्यंत टिकतो. ह्याचा सहा वर्षं टिकला, आणि काढला तेव्हा अगदी ताजा निघाला!

धंदा तसा साधा. घरांचं वायरिंग, लग्नाच्या मांडवातली रोषणाई, पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरून देणं. पण जीव अडकलेला नाटकाच्या उजेडात. नाटकवाले सगळे नटाच्या तोंडाकडे बघतात, अभिमन बघायचा मागं आभाळ म्हणून टांगलेल्या पडद्याकडे. "आभाळ नीट पेटलं की अर्धं नाटक झालं," असं तो म्हणायचा. आणि नेमक्या त्या आभाळानंच त्याचा घात केला.

शहाऐंशी सालची गोष्ट. जळगावात एकांकिकांची स्पर्धा होती. तिथल्या एका नाट्यसंस्थेचा रतिलाल म्हणजे लेखक तोच, दिग्दर्शक तोच, नायक तोच आणि संस्थेचा अध्यक्षही तोच. प्रयोगाआधी तो पडद्यापुढे येऊन हात जोडायचा आणि सांगायचा, "रसिकहो, आमच्याकडे प्रॉम्प्टर नसतो." साफ खोटं! ह्या गृहस्थाला स्वतः लिहिलेली वाक्यं पाठ होत नसत. डाळमिलमधला कारकून तोताराम, चांगला पोट सुटलेला माणूस, वही घेऊन मागच्या पडद्याआड बसायचा आणि एकेक वाक्य पुरवायचा. हे संस्थेतल्या पोरांनासुद्धा धड माहीत नव्हतं.

उजेडासाठी बोलावलेल्या अभिमननं पडद्यामागं बल्बच्या पाच पत्र्याच्या पट्ट्या ओळीनं मांडल्या होत्या. रतिलाल हळूच जवळ आला.

"मधली पट्टी बंद कर. तिथं तोताराम बसेल. उजेडात त्याची सावली पडते."

"भाऊ, मग आभाळात मधोमध काळं दिसेल."

"दिसू दे रे. लोक मला बघायला येतात, आभाळ बघायला नाही. आणि हे तुझ्यामाझ्यात. शब्द दे."

अभिमननं शब्द दिला. प्रयोग झाला. आभाळाच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक काळा खड्डा, अख्ख्या थिएटरला दिसला. नंतर परीक्षकांनी विचारलंच, हे काय? तर रतिलालनं काय करावं? अभिमनला हाताला धरून रंगमंचावर आणलं आणि माईकवर म्हणाला, "ह्या धुळ्याच्या मिस्त्रीनं आमच्या आभाळात विहीर खणली! दिवा गेला तरी ह्याला पत्ता नाही." पाचशे माणसं खो खो हसली. आणि हा शहाणा, शब्द दिलेला म्हणून मूग गिळून उभा राहिला.

तो धुळ्याला पोहोचायच्या आत नाव येऊन पोहोचलं होतं. विहीरवाला! नाटकाची कामं बंद झाली. मग मांडववालेही थट्टा करायला लागले, "नवरदेवाच्या डोक्यावर विहीर नको रे बाबा." नळावर त्याच्या बायकोला, बेबाबाईला, बाया म्हणायच्या, "हिला कशाला नंबर? हिच्या घरीच विहीर शे." बेबाबाई त्यांच्याशी कचाकचा भांडायची आणि घरी येऊन हंडा आपटायची.

"तुम्ही खरं का सांगत नाही लोकांना?"

"शब्द दिला आहे."

"शब्द तुम्ही दिधा, नाव मन्हं खराब व्हयनं!"

ते वाक्य अभिमनला रतिलालच्या माईकपेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी त्यानं ठरवलं. शब्द मोडायचा नाही. पण रतिलालच्याच तोंडून, भरल्या थिएटरात, खरं वदवून घ्यायचं. तोवर ह्या माणसाला सोडायचं नाही.

मग सुरू झाला उद्योग. घराच्या मागच्या चुन्याच्या भिंतीपुढे त्यानं दोन जुनी धोतरं जोडून टांगली. हॅलोजन लावून बघितला, तर मधेच सूर्य उगवल्यासारखा गोळा आणि कडा अंधारात. बल्बच्या पट्ट्या लावल्या, तर खाली भाकरी मांडून ठेवल्यासारखी अर्धगोलांची रांग. ट्यूबलाइट बऱ्या, पण कापडाकडे तोंड केलं की आडवे पट्टे उठायचे. वर्षभरानं कधीतरी त्यानं ट्यूबची तोंडं उलटी भिंतीकडे फिरवली. उजेड आधी भिंतीवर आपटला, तिथून परतून कापडात आला आणि सगळीकडे सारखा पसरला. बेबाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून बघत राहिली.

तरी ह्याचा डोळ्यांवर भरवसा नाही. भज्यांचा कागद घेतला, मधे तेलाचा डाग पडलेला. लाकडी पट्टीच्या एका टोकाला तो कागद, दुसऱ्या टोकाला बॅटरी. कागदाच्या एका बाजूला बॅटरीचा उजेड, दुसऱ्या बाजूला पडद्याचा. दोन्ही सारखे झाले की डाग दिसेनासा होतो. ही पट्टी घेऊन तो पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. कुठं डाग दिसला की तिथली ट्यूब चार बोटं पुढे, दोन बोटं मागे. शेजारी म्हणायचे, मिस्त्रीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. पण बरोबर दिशेनं.

ब्याण्णव साली स्पर्धा धुळ्यात आली. आयोजक इंदिराबाई, कॉलेजात शिकवायच्या, बोलायला रोखठोक.

"सगळ्या नाटकांचा उजेड तुम्हाला देते. विहीर नाही ना पडणार?"

"पडली तर पुन्हा दिव्याला हात लावणार नाही, ताई."

यादीत चौथं नाव रतिलालचं होतं. अभिमननं यादी दोनदा वाचली आणि त्या दिवशी मनसोक्त जेवला.

रतिलाल सकाळी थिएटरात आला. पिकलेले केस आता काळे केलेले. नाटकात तो तापीवरचा म्हातारा नावाडी, उलट्या नावेवर रंगमंचाच्या मधोमध बसून अर्धा तास एकटाच बोलणारा. मागचं आभाळ बघून क्षणभर त्याचंही तोंड उघडं राहिलं. डाग नाही, पट्टा नाही, कडेपर्यंत एकसारखं. मग तो पडद्यामागं गेला आणि खाली मान घालून परत आला.

"अभिमन, मधल्या दोन ट्यूब काढ."

"काढतो की. इंदिराबाईंसमोर सांगा, कशासाठी ते."

"तू मला अडवतोस?"

"छे हो, रतिलालभाऊ! तुमच्याकडे कुठे प्रॉम्प्टर असतो?"

हे वाक्य त्यानं सहा वर्षं तोंडात घोळवलं होतं. म्हणताना जिभेला गोड लागलं, खोटं कशाला सांगू!

रतिलालनं दातओठ खाल्ले आणि तोतारामला डावीकडच्या विंगेत बसवलं. दुपारी तीनला प्रयोग सुरू झाला. पडद्यापुढे येऊन हात जोडणं झालं, "आमच्याकडे प्रॉम्प्टर नसतो" झालं. दहा मिनिटं बरी गेली. मग नावाडी अडकला. विंग लांब, तोतारामचा आवाज पोहोचेना. रतिलाल खोकला, वल्हं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. बिचाऱ्या तोतारामला ते बघवेना. इतक्या वर्षांची सवय! वही छातीशी धरून तो तडक पडद्यामागं धावला आणि कापडाला चिकटून उभा राहिला.

तापीवरच्या स्वच्छ आभाळात एक भलंमोठं पोट उगवलं. त्यावर चष्मा, त्यापुढे वही. सावलीनं बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

थिएटर फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आभायमा मास्तर शे!" परीक्षक तोंडावर रुमाल धरून हसत होते. रतिलालनं वळून बघितलं आणि त्याचं उरलंसुरलं भान सुटलं. तो नावेवर उभा राहून किंचाळला, "अभिमन! मधल्या ट्यूब बंद कर! तोताराम दिसतोय!"

हसणारे कान टवकारून बसले. दिव्यांच्या टेबलापाशी अभिमन सावकाश उठला. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"करतो, भाऊ. जळगावात तुम्ही सांगितलंत म्हणून मधली पट्टी बंद केली होती. आजही तुम्हीच सांगताय म्हणून करतो."

खटका पडला. आभाळाच्या मधोमध विहीर उघडली. तोताराम तीत गडप झाला, आणि त्या काळोखातून त्याचा प्रामाणिक आवाज पुढचं वाक्य सांगू लागला, "पाणी चढत चाललंय रे! कुणीतरी दोर सोडा!"

आता हसू आवरणार कोण? तिसऱ्या रांगेत नळावरच्या बायांच्या मधे बेबाबाई बसली होती. ती उभी राहिली आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत सगळ्यांना विचारू लागली, "देखं का? विहीर कोणी खंदी ते बठ्ठासनी देखं का?"

इंदिराबाई घाईनं टेबलापाशी आल्या. "मिस्त्री, लावा हो त्या ट्यूब परत."

"भाऊंनी अजून सांगितलं नाही, ताई," अभिमन म्हणाला, आणि नाटक संपेपर्यंत त्यानं ती विहीर तशीच उघडी ठेवली.