चलाख

"हात पुढं कर," गुरुजी म्हणाले.

मी दोन्ही हात पुढं केले. गुरुजींनी हाताला हात लावला नाही. पट्टीच्या टोकानं माझे तळहात उलटे केले, सुलटे केले. बाह्या वर करायला लावल्या. सगळा वर्ग बघत होता. हातावर उत्तर लिहिलेलं नव्हतं. मायबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले फोड होते.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीकडचं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात मी चौथीत होते. गावात पाणी टँकरनं यायचं आणि फळ्यावर गणित होतं हौदाचं. एक तोटी हौद वीस मिनिटांत भरते, दुसरी तीस मिनिटांत. दोन्ही सोडल्या तर किती वेळ लागेल? गुरुजींचा खडू खाली ठेवून व्हायच्या आत मी बोलले, बारा मिनिटं.

हातावर काही सापडलं नाही, तेव्हा गुरुजींनी रीत विचारली. मी सांगितलं, हौदात साठ घागरी मावतात असं धरलं. पहिली तोटी मिनिटाला तीन घागरी सोडते, दुसरी दोन. मिळून पाच. म्हणून बारा.

"गणितात घागर कुठं लिहिलीया?"

गणितात घागर खरंच नव्हती.

गुरुजी वर्गाकडं वळले. "बघा रे. हुशार वेगळं आन् चलाख वेगळं. ही चलाख हाय."

पोरं हसली. माझ्या पाठोपाठ सोसायटीच्या चेअरमनच्या मुलानं न विचारता उत्तर दिलं होतं, पन्नास मिनिटं. दोन आकड्यांची नुसती बेरीज. गुरुजी त्याला म्हणाले होते, हुशार हायस, जरा घाई केलीस. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्याचं नाव गेलं. माझं गेलं नाही. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गुरुजींच्या तोंडी आमच्या वस्तीचं जुनंच नाव होतं. त्या नावासमोर हुशार हा शब्द त्यांना लावता येत नसावा. असं मला आज वाटतं. तेव्हा एवढंच कळलं की माझंच काहीतरी चुकलंय.

घरी मायला सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं वर पाहिलं नाही.

"गप ऱ्हात जा. मास्तरच्या तोंडी लागू नगंस. साळंतनं काढलं तर खडीच हाय."

मग मी गप्प राहू लागले. पण गप्प बसले की गुरुजी मठ्ठ म्हणायचे, आणि उत्तर दिलं की चलाख. दोन्हीकडून दार बंद. शेवटी मी तिसरी वाट काढली. मी चुकायला शिकले. हे वाटतं तितकं सोपं नाही. लई चुकलं तर नापास. कमी चुकलं तर पुन्हा हात पुढं. मधलं कुठंतरी धरावं लागायचं. आधी बरोबर उत्तर मनात काढायचं, मग त्यात शोभेल अशी चूक घालायची. गुरुजी खूश झाले. आता कशी सरळ झाली, असं म्हणू लागले. शाळा संपेपर्यंत मी सरळ राहिले. पुढं पुढं तर खरं उत्तर आधी आलं की चूक, हे मलाही सांगता येईना.

परवा हे सगळं पुन्हा समोर आलं.

मी आता उस्मानाबादच्या कॉलेजात आहे. आमच्या घरातली पहिलीच. शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या शब्दावर मला वसतिगृहात जागा मिळाली. सर शिक्षकांचे गैरसमज मोजत आहेत. हुशार मुलांबद्दल शिक्षकांना काय वाटतं ते. वाशीला शिक्षकांचं शिबिर होतं, तिथं मला बरोबर नेलं. मी एकेक वाक्य वाचायचं, ज्यांना पटेल त्यांनी हात वर करायचा, सर ते हात मोजणार. एसटीत सरांनी बजावलं, ही सगळी वाक्यं चुकीची आहेत, पण ते त्यांना कळू द्यायचं नाही. आपण मोजायचं. वाद घालायचा नाही.

पहिल्या रांगेत गुरुजी बसले होते. केस पांढरे झालेले.

मी वाचलं, हुशार मुलाचं अक्षर चांगलं असतं. हात वर. हुशार मूल वर्गात शांत बसतं. हात वर. हुशार मूल उलट प्रश्न विचारत नाही. जवळजवळ सगळे हात वर. गुरुजींचा प्रत्येक वेळी सर्वांत आधी.

मधेच त्यांनी मला ओळखलं. मोठ्या कौतुकानं उठून उभे राहिले.

"सर, ही माझ्याच हाताखालची. आधी लई आगाऊ होती. म्या सरळ केली. आता बघा, कशी मान खाली घालून वाचतीया."

माझी मान खरंच खाली होती. ती माझी मला दिसली. पुढचं वाक्य होतं, हुशार मूल नम्र असतं. ते वाचलं की वसतिगृहातली जागा पक्की. वाचलं की गुरुजीही खरे ठरणार.

मी मान वर केली.

"गुरुजी, तुम्ही मला सरळ नाही केलं. मी मुद्दाम चुकत होते. हौदाचं उत्तर बाराच आहे. घागरी धरूनसुद्धा बाराच येतं."

गुरुजी हसले. सरांना म्हणाले, "बघा. चलाखच हाय."

सगळे हसले. सर हळूच म्हणाले, "पुढचं वाक्य वाच."

"पुढचं वाक्य चुकीचं आहे, सर. आतापर्यंतची सगळीच चुकीची होती."

वाक्यं चुकीची आहेत हे सगळ्यांना कळलं होतं, आता हात मोजून उपयोग नव्हता. परतीच्या एसटीतून उतरताना सर एवढंच म्हणाले, माझं सगळं मोजमाप बिघडवलंस. मी माफी मागितली नाही. दोनदा ती ओठावर आली होती.

वसतिगृहातली जागा राहील की नाही, अजून कळलेलं नाही. गेली तर मायकडं परत जावं लागेल, आणि तिला काय सांगायचं ते मला माहीत नाही.

पण मला कुणी काही विचारलं तर आता मी उत्तर देईन. बरोबर देईन, आणि आधी देईन. गणितात घागर नसली तरी घागरी धरून देईन. चलाख म्हणायचं त्यांनी म्हणावं.

हात पुढं करणार नाही.