गेटजवळचा क्रॉस

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आज वारसा दिन म्हणून जुन्या वास्तू सगळ्यांना बघायला खुल्या होत्या. सकाळी आमच्या सोसायटीतली मंडळी अंधेरीतलं जुनं चर्च बघून आली. सेक्रेटरी काळे भिंतीवर हात ठेवून म्हणाले, “हे आपणच जपायला पाहिजे यार!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सेल्फी काढले.

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. त्याच काळ्यांनी ठराव मांडला: गेटजवळचा दगडी क्रॉस काढून टाकू, गाड्यांना जागा होईल. मी आणि तळमजल्यावरच्या फिलूआंटी सोडून सगळ्यांचे हात वर!

तो क्रॉस आंटींच्याच पणजोबांनी प्लेगच्या साथीत उभारलेला. आंटी त्याला रोज झेंडूचा हार घालतात.

त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “काळेसाहेब, सकाळी चर्चला पार्किंग मिळालं ना?”

ठराव मात्र पास झाला.

पुढच्या वर्षी आम्ही काय बघायला जायचं, तुम्हीच सुचवा.