उस्तादचे हात

तिला गल्लीत कुणी बाई म्हणत नाही की ताई म्हणत नाही. लहानथोर सगळे उस्तादच म्हणतात. बंद पडलेली दुचाकी ढकलत कुणी घामाघूम होऊन तिच्या गॅरेजसमोर आला, की ती आधी गाडीकडे बघते, मग माणसाकडे, आणि दोघांत जास्त बिघडलेलं कोण ते तोंडावर सांगते. नवरा गेल्यावर गॅरेज विकून टाक म्हणून नातेवाइकांनी डोकं खाल्लं. हिने कुणाला भीक घातली नाही. पाना हातात घेतला आणि त्यावर लेकीला लहानाची मोठी केली. हातांच्या रेघांत ग्रीस कायमचं जाऊन बसलं, नखांच्या कडा काळ्या पडल्या, पण ते हात तिने कधी पदराखाली लपवले नाहीत. लेकीच्या शाळेतल्या सभेतसुद्धा टेबलावर खुशाल पसरून बसायची. कष्टाचे आहेत, चोरीचे नाहीत, असा तिचा खाक्या.

त्या हातांचा कस लागला तो लेकीच्या बाळंतपणात.

बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. मुलगी, एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिला काचेच्या खोलीत उबेला ठेवलं. डॉक्टर म्हणाले, यंत्राची ऊब आहेच, पण माणसाच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवलं तर बाळ लवकर बाळसं धरेल. लेकीच्या अंगात ताप, तो उतरेपर्यंत तिला आत सोडता येईना. जावई जहाजावर, भर समुद्रात. लेक रडकुंडीला आली.

"आई, तू जा ना. तिला कुणीतरी जवळ घ्यायला हवं गं."

"जाते की. मी काय पाहुणी आहे?" उस्ताद म्हणाली आणि गॅरेजमधून आली होती तशीच दाराशी गेली.

दाराजवळ भिंतीवर सॅनिटायझरची बाटली होती. उस्तादने तळवा भरून घेतलं, खसाखसा चोळलं. हातांवर नुसता काळा चिखल झाला. मग सवयीने कमरेचं फडकं ओढलं, हात पुसले आणि दार ढकललं. सिस्टरने ते आतून तिथेच धरलं.

"मावशी, असं नाही चालायचं."

"का? औषध लावलं की. मेले असतील जंतू."

"ग्रीसखालच्या जंतूंपर्यंत ते पोचतच नाही. आधी साबण आणि पाणी, सगळा मळ निघेपर्यंत. हात कोरडे करायचे. मग सॅनिटायझर, आणि ते पुसायचं नाही, आपोआप वाळेपर्यंत चोळत राहायचं. तुम्ही ओलं असतानाच पुसलंत, तेही असल्या फडक्याला."

उस्तादचा पारा चढला होता, पण ऐकता ऐकता उतरला. हे तर पंक्चरचं काम झालं. ट्यूब आधी घासून साफ करायची, सोल्युशन लावायचं, ते वाळू द्यायचं, मगच ठिगळ. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती स्वतःच झापायची, की ओल्यावर ठिगळ टिकत नाही म्हणून. आणि इथे आपण काय केलं? तिची तिलाच लाज वाटली.

घरी जाऊन तिने साबण लावून लावून हात धुतले. काळं काही निघेना. मग शेवटी उस्तादच ती. ट्यूब घासायचा पॉलिश पेपर काढला आणि सरळ तळहातांवर फिरवला. सकाळी मोठ्या ऐटीत सिस्टरपुढे हात धरले. कातडी सोलवटलेली, बोटांतून रक्त डोकावतंय.

सिस्टरने डोळेच मिटले. "मावशी, ही काय ट्यूब आहे? जखमेत जंतू घर करतात. सॅनिटायझर लागलं की आग होईल ती वेगळीच. हे भरून येऊ दे, मग या. तोवर गॅरेजच्या कामाला हात लावायचा नाही."

परतीच्या वाटेवर उस्ताद रडली. नात आत एकटी, लेक तापाने फणफणलेली, आणि आपल्याच अतिशहाणपणाने दार बंद झालेलं. तिने गॅरेजला कुलूप ठोकलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, तर म्हणाली, "दुसरीकडे जा, रस्ता मोकळा आहे." नखं पार कापली. बोटात रुतलेली अंगठी तेल लावून काढली. कोमट पाणी, साबण, नखांच्या कडांना मऊ ब्रश, आणि झोपताना मलम. पेट्रोलने चुटकीसरशी निघेल, असं एका शेजाऱ्याने सुचवलं. "त्या एवढ्याशा जिवाला पेट्रोल हुंगवू काय," म्हणत तिने त्याची बिनपाण्याने केली.

जखमा भरल्या. लेकीचा ताप मात्र उतरायचं नाव घेईना. उस्ताद पुन्हा दाराशी उभी राहिली. सिस्टरने हात उलटसुलट करून पाहिले. रेघा अजून काळ्याच होत्या.

"हे काळं कसलं?"

"ते मुरलंय, सिस्टर. ते माझ्याबरोबरच जायचं." उस्तादने हात तसेच पुढे धरून ठेवले.

सिस्टरने कापसाचा ओला बोळा घेऊन तिच्या तळव्यावर, नखांच्या कडांवर दाबून फिरवला. उजेडात धरून पाहिला. बोळा पांढराच होता.

"डाग आहे, मळ नाही," सिस्टर म्हणाली. "घ्या सॅनिटायझर."

उस्तादने तळवा ओला केला. तळव्यावर तळवा, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, दोन्ही अंगठे, बोटांची टोकं. कुठे जरा कोरडं राहिलं तर नात आत एकटीच राहील, अशा नेटाने ती हात वाळेपर्यंत चोळत होती. मग सिस्टरने तिला खुर्चीत बसवलं, बाळ छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. उस्तादने बाळाच्या पाठीवर हात ठेवला. अख्खी पाठ त्या एका हाताखाली झाकली गेली. पोरीची धडपड थांबली, आणि ती झोपली.

काचेबाहेर लेक चाकाच्या खुर्चीत बसून बघत होती. शेजारी उभी असलेली एक बाई कुजबुजली, "अगबाई, हात बघा किती काळे. असल्या बाईला आत सोडतातच कसं?"

"धुऊन, वाळवून, तपासून सोडलंय," लेक म्हणाली. "माझी आई आहे ती. मलाही त्याच हातांनी वाढवलंय."

तापाने घसा बसला होता, तरी ती हे इतक्या मोठ्याने म्हणाली की काचेपलीकडे उस्तादने मान वर केली. हात मात्र हलवला नाही.