गुहागर झालंय ना!

शेजारचे देवधर काल सहलीचे फोटो दाखवायला आले. मी फोटो पाहिलेच नाहीत, त्यांचा अंगठाच बघत बसलो. माशा हाकलाव्यात तसा तो फोनच्या काचेवरून सटासट फिरत होता. डोंगर गेला, तळं गेलं, दारात बसून हसणारी एक म्हातारी होती, तीही गेली.

"राजस्थान झालं, केरळ झालं, आता सिक्कीमही झालं," ते म्हणाले. "तुमचं काय, यंदाही गुहागरच?"

"गुहागरच."

"अहो, पण ते झालंय ना तुमचं!"

झालंय म्हणे! आंघोळ होते, जेवण होतं, परीक्षा होते. गाव कसं होतं? मी दरवर्षी जिथे उतरतो, त्या वहिनींच्या अंगणातला फणस गेल्या पावसाळ्यात पडला. त्याच्या जागी आता ऊन येतं, असं त्या फोनवर म्हणाल्या. ते ऊन बघायला मला जायचंय. पहिल्यांदाच येणाऱ्याला तिथे नुसतं अंगण दिसेल. तो फोटो काढेल आणि पुढच्या गावाला पळेल. नसलेलं झाड दिसायला आधी त्याच्या सावलीत बसावं लागतं. हे त्या अंगठ्याला कोण सांगणार?

चहा संपवून देवधर उठले आणि दारात म्हणाले, "येतो हं."

निघणारा माणूस आपल्याकडे 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतो. त्यावर 'या' म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघेना.

"परत कशाला?" मी म्हटलं. "आमचं घर झालंय ना तुमचं!"